गुळवेल : बांधावरची आणि बाटलीतली



आपल्या शेताच्या बांधावर, विहिरीच्या कडेला, करंजावर नाहीतर निंबावर चढलेली एक वेल तुम्ही रोज पाहता. पानं हृदयाच्या आकाराची, विड्याच्या पानाची आठवण करून देणारी. खोडावर कागदासारखा पातळ पापुद्रा. आणि वरून खाली दोऱ्यासारखी बारीक मुळं लोंबत असतात. ही गुळवेल. शहापूर-मुरबाडच्या रानात ती आहे, भिवंडीच्या बांधावर आहे, आणि कल्याण-डोंबिवलीच्या सोसायट्यांच्या कुंपणावरही आहे. आज मी तुमच्याशी या वेलीबद्दल बोलणार आहे. तिचा आपल्याकडे पूर्वापार काय उपयोग होत आला, होमिओपॅथीच्या बाटलीत ती कशी जाते, विकायची तर कशी विकायची, आणि घरात वापरताना कुठे थांबायचं, एवढं आज पाहू. शेवटचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा आहे, तेव्हा अर्ध्यात उठू नका.

प्रथम नावाचं बघू. संस्कृतात हिला गुडूची म्हणतात, अमृता म्हणतात. आणखी दोन नावं आहेत, ती शेतकऱ्याला जवळची वाटतील. एक छिन्नरुहा, म्हणजे तोडली तरी पुन्हा वाढणारी. दुसरं वत्सादनी, म्हणजे वासरं जिला आवडीने खातात ती. नावं ठेवणाऱ्यांनी वेल नीट पाहिली होती हे यावरून कळतं. बुंध्याशी वेल तोडली, तरी वरचा भाग झाडावर टिकतो, हवेतून मुळी सोडतो आणि ती जमिनीला टेकली की पुन्हा जोर धरतो.

आपल्याकडे गुळवेलीचा मोठा उपयोग तापावर. बोटभर जाडीचा तुकडा ठेचायचा, पाण्यात उकळायचा, गाळून प्यायचा. चव अतिशय कडू. जुना ताप, अशक्तपणा, सांधेदुखी, मधुमेह, कावीळ, अंगाची खाज, अशा अनेक तक्रारींवर वैद्य ती देत आले. निंबावर चढलेली गुळवेल अधिक गुणाची, असा समज सगळीकडे आहे. काही जण पानांची भाजी करतात. जाड ओल्या खोडाचं सत्त्वही काढतात. खोडाची साल काढून ते ठेचायचं, रात्रभर पाण्यात भिजवायचं, हाताने चोळून गाळायचं आणि पाणी निवू द्यायचं. तळाशी जो पांढरा साका बसतो तो वाळवला म्हणजे गुळवेल सत्त्व. निघतं फार थोडं, म्हणून बाजारात त्यात दुसरं पीठ मिसळण्याचा मोह होतो. घेणाऱ्याने आणि विकणाऱ्यानेही याचं भान ठेवावं.

आता बाटलीकडे वळू. कल्याण किंवा ठाण्याच्या होमिओपॅथीच्या दुकानात ‘टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया’ नावाची बाटली मिळते. नाव परदेशी वाटलं तरी आत आपली गुळवेलच. हे तिचं शास्त्रीय नाव आहे. मग बांधावरची वेल आणि ही बाटली एकच का? हा प्रश्न पुष्कळांना पडतो. त्याचं उत्तर असं की, बाटलीवर काय लिहिलंय त्यावर ते अवलंबून आहे.

होमिओपॅथी सुरू केली ती सॅम्युअल हानेमान या जर्मन डॉक्टरांनी. गंमत म्हणजे तिची सुरुवातही तापाच्या एका झाडापासूनच झाली. १७९० साली त्यांनी हिवतापावर चालणारी सिंकोना झाडाची साल स्वतः घेऊन पाहिली. आपल्याला तापासारखीच लक्षणं जाणवली, असं त्यांनी नोंदवलं. त्यावरून, निरोगी माणसात जी लक्षणं उठतात तीच लक्षणं रोग्यात असतील तर ते औषध लागू पडतं, असा सिद्धांत त्यांनी मांडला. त्याच सालीतून पुढे १८२० साली फ्रान्समध्ये क्विनीन वेगळं काढलं गेलं आणि त्यावर हिवतापाचे उपचार उभे राहिले. झाड तेच. एकाने त्यातला अर्क पातळ करत नेला, दुसऱ्याने त्यातला गुणकारी भाग निवडून मोजून दिला.

होमिओपॅथीत वनस्पती प्रथम मद्यार्कात भिजवतात. त्या अर्काला मदर टिंक्चर म्हणतात. त्यात वनस्पतीचा अंश असतो आणि मद्यार्कही असतो. पुढे या अर्काचा एक थेंब घ्यायचा, नव्याण्णव थेंब मद्यार्कात घालून जोराने हलवायचा. ही पहिली पायरी. त्यातला एक थेंब पुन्हा नव्याण्णव थेंबांत, ही दुसरी. ‘तीस’ नंबरची गोळी म्हणजे असं तीस वेळा केलेलं.

आता जरा शेतकऱ्याचा हिशोब करू. बारवी धरण तुमच्या ओळखीचं आहे. मूळ अर्काचा एकच थेंब घेऊन तो आठव्या पायरीइतका पातळ करायचा म्हटला, तर बारवी धरण काठोकाठ भरलं तरी ते पाणी पुरायचं नाही. आणि अजून बावीस पायऱ्या बाकी आहेत. म्हणजे तीस नंबरच्या गोळीत गुळवेलीचा कण सापडणं जवळजवळ अशक्य. होमिओपॅथी मानणारे म्हणतात की, हलवून पातळ केल्याने औषधाची शक्ती वाढते. आपल्या देशात या पद्धतीला कायद्याची मान्यता आहे, तिची महाविद्यालयं आहेत, आणि अनेक घरांचा तिच्यावर विश्वास आहे. पण ऑस्ट्रेलिया सरकारच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने उपलब्ध अभ्यास तपासून २०१५ साली सांगितलं, की होमिओपॅथी गुणकारी आहे असा खात्रीचा पुरावा एकाही आजाराबाबत मिळालेला नाही. हेही तुम्हाला ठाऊक असावं.

पण माझा मुद्दा वेगळाच आहे, तो ध्यानात घ्या. गोळीने अपाय झाल्याचं ऐकिवात नाही, तेव्हा वेलीनेही अपाय होणार नाही, असा हिशोब पुष्कळ जण मनात मांडतात. हा हिशोब चुकतो. पातळ गोळीत वेल नसतेच म्हटलं तरी चालेल. काढ्यात मात्र ती पुरेपूर असते. जी वस्तू अंगात खरोखर काम करते, ती चुकीच्या अंगात चुकीचं कामही करू शकते.

याचं उदाहरण लांबचं नाही. २०२० साली करोनाची साथ आली. प्रतिकारशक्ती वाढते म्हणून शहरात घरोघर गुळवेलीचा काढा, रस, गोळ्या सुरू झाल्या. काही जण महिनोन्‌महिने रोज घेत होते. त्यानंतर मुंबईतल्या यकृताच्या डॉक्टरांनी सहा रुग्णांची हकीकत २०२१ मध्ये प्रसिद्ध केली. गुळवेल घेतल्यानंतर या लोकांच्या यकृताला सूज येऊन कावीळ झाली होती. त्यावर जुलै २०२१ मध्ये केंद्राच्या आयुष मंत्रालयाने म्हटलं, की गुळवेलीचा यकृताशी असा संबंध लावणं दिशाभूल करणारं आहे, आणि घेतलेली वेल गुळवेलीसारखी दिसणारी दुसरी जात असू शकते. पुढे २०२२ मध्ये देशातल्या तेरा केंद्रांनी मिळून त्रेचाळीस रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. ज्यांच्या शरीराची संरक्षक शक्ती स्वतःच्याच यकृतावर उलटण्याचा कल असतो, त्यांच्यात गुळवेल तो आजार उघड करते, असं त्या डॉक्टरांचं मत पडलं. वेल घेणं थांबवल्यावर आणि उपचार केल्यावर बहुतेक जण बरे झाले.

यातून घाबरायचं कारण नाही. पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी गुळवेल घेतली, ती तापात चार-दोन दिवस. सहा महिने रोज घेण्याची चाल नवी आहे. तेव्हा घरात मधुमेहाची गोळी चालू असेल, संधिवातासारखा जुना आजार असेल, पूर्वी यकृताचा त्रास झाला असेल, बाई गरोदर असेल किंवा अंगावर पाजत असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय गुळवेल देऊ नका. लहान मुलांच्या बाबतीत तर मुळीच नको. काढा घेताना भूक मेली, उलट्या झाल्या, लघवी गडद पिवळी झाली, डोळे पिवळे दिसू लागले, तर काढा त्याच दिवशी बंद करा, दवाखान्यात जा, आणि काय घेत होतो ते लपवू नका.

काविळीवर गुळवेल देण्याची रीत जुनी आहे, तिथे तर जास्तच जपायला हवं. कावीळ हे लक्षण आहे, ती कशाने झाली हे रक्त तपासल्याशिवाय कळत नाही.

आता पावसाळ्यातल्या तापाचं सांगतो. भात लावणीला आपण दिवसभर चिखलात उभे असतो. उंदरांचं मूत मिसळलेल्या पाण्यातून, पायाच्या जखमेवाटे लेप्टोस्पायरोसिस होतो. सपाटून ताप, पोटऱ्या दुखणं, डोळे लाल होणं, मग कावीळ. हिवताप आणि डेंग्यूही याच दिवसांत. यातला कोणताही ताप काढ्याची वाट बघत नाही. लेप्टोला वेळेवर औषध मिळालं तर माणूस वाचतो, चार दिवस घरी काढ्यावर काढले तर मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. म्हणून लावणीच्या दिवसांत ताप आला की प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन रक्त द्या. हिवतापाची तपासणी आणि औषध तिथे मोफत आहे. चिखलात काम करत होतो, हे डॉक्टरांना आवर्जून सांगा.

आता विक्रीकडे येतो. आपल्या जिल्ह्यात हे काम करून दाखवलं ते शहापूरच्या कातकरी तरुणांनी. तिथल्या आदिवासी एकात्मिक सामाजिक संस्थेने रानातली गुळवेल गोळा करून, वाळवून विकायला सुरुवात केली. पुढे वन धन योजनेत त्यांचं केंद्र झालं, आणि मोठ्या औषध कंपन्यांकडून त्यांना दीड कोटी रुपयांहून अधिक रकमेची मागणी मिळाल्याचं ट्रायफेडने २०२१ मध्ये जाहीर केलं. कामाला गाव सोडून जाणाऱ्या कातकरी समाजातल्या तरुणांनी हे केलं, याचं मोल मोठं आहे. वनहक्क कायद्याने, म्हणजे २००६ च्या कायद्याने, रानातल्या गौण वनोपजावर तिथल्या आदिवासींचा आणि पारंपरिक रहिवाशांचा हक्क मानला आहे.

पण मागणी वाढली की वेल मुळासकट ओरबाडली जाते. रानात एक वर्ष पैसा, दुसऱ्या वर्षी ठणठणाट, असं होऊ द्यायचं नसेल तर लागवड करा. ती अवघड नाही. जून महिन्यात, पहिल्या पावसावर, दोन डोळे असलेले वीतभर लांबीचे कांडे तोडून बांधावरच्या झाडाशी लावा. निंब, करंज, शेवगा, कोणताही आधार चालतो. दोन वेलींत दहा फुटांचं अंतर ठेवा. फळझाडावर मात्र चढवू नका. खोड इंचभर जाड झालं की पावसाळा संपल्यावर कापा, बुंधा जमिनीपासून हातभर राहू द्या. पुढच्या वर्षी तीच वेल पुन्हा माल देईल. छिन्नरुहा हे नाव उगाच नाही.

तोडण्याआधी वेल नीट ओळखा. पान दोन्ही बाजूंनी गुळगुळीत असावं. पानाच्या पाठीला मऊ लव असेल तर ती दुसरी जात. खोडावर सगळीकडे बारीक टेंगळं असतील आणि कापल्यावर चीक येत असेल तर तीही नव्हे. खऱ्या गुळवेलीचा पापुद्रा सोलला की आत हिरवं दिसतं, आणि आडवं कापलं तर गाडीच्या चाकाच्या आऱ्यांसारखी नक्षी दिसते. एक चुकीचा भारा चांगल्या दहा भाऱ्यांची किंमत घालवतो, आणि तो कुणाच्या पोटात जाणार आहे हेही विसरू नका.

तुकडे करून सावलीत, ताडपत्रीवर वाळवा. डांबरी सडकेवर नको. बुरशी धरलेला माल वेगळा काढा. भाव ठरवण्यापूर्वी स्वतः दहा किलो ओला माल वाळवून किती भरतो ते पाहा, म्हणजे ओल्याच्या भावात सुका माल देण्याची पाळी येणार नाही. पोत्यावर गावाचं नाव आणि तारीख लिहा. आणि एकट्याने व्यापारी गाठण्यापेक्षा चार घरं मिळून, बचत गटातून किंवा वन धन केंद्रातून माल द्या.

थोडक्यात, एवढं भिंतीवर लिहून ठेवा :

१. ताप आला की आधी रक्त तपासणी, काढा नंतर.
२. गुळवेल रोज आणि महिनोन्‌महिने घेऊ नये.
३. डोळे किंवा लघवी पिवळी दिसली की काढा बंद, दवाखाना गाठावा.
४. गोळी आणि काढा यांना एकाच मापाने मोजू नये.
५. वेल ओळखून तोडावी, बुंधा राखावा, जूनमध्ये नवी कांडी लावावी.

या पावसाळ्यात बांधावर निदान पाच कांडी लावा, आणि लावताना पायाला जखम असेल तर ती बांधून चिखलात उतरा.