मानाचा हिशेब : एका अमेरिकन गाण्याची दोन रूपे



या व्याख्यानमालेच्या चालकांनी मला विषय विचारला तेव्हा त्यांची अपेक्षा अशी होती की, मी नव्या श्रम संहितांवर बोलेन. युनियनवाल्याने दुसरे काय बोलावे? मी म्हणालो, यंदा मला एका गाण्यावर बोलू द्या. चिटणीसांचा चेहरा त्या वेळी पाहण्यासारखा झाला होता. पण त्यांनी होकार दिला, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे.

मी गाण्यातला जाणकार नव्हे. माझी शाळा सातवीनंतर सुटली. पुढचे शिक्षण झाले ते औद्योगिक न्यायालयाच्या निवाड्यांवर आणि वीरकरांच्या शब्दकोशावर. तेव्हा सुरांच्या बाबतीत माझे काही चुकले, तर समोर बसलेल्या गाणाऱ्या मंडळींनी ते पदरात घ्यावे. हिशेबाच्या बाबतीत मात्र मला सवलत नको.

गाण्याचे नाव 'रिस्पेक्ट'. मान म्हणा, आदर म्हणा. आमच्या कामगारांच्या तोंडी 'इज्जत' हा शब्द असतो आणि मला तोच त्याच्या सर्वांत जवळचा वाटतो. या गाण्यापर्यंत मी पोहोचलो तो संपाच्या वाटेने. अमेरिकेत मेम्फिस नावाचे शहर आहे. तेथे १ फेब्रुवारी १९६८ रोजी नगरपालिकेचे दोन सफाई कामगार, एकोल कोल आणि रॉबर्ट वॉकर, पावसापासून आडोसा म्हणून कचऱ्याच्या गाडीत शिरले, आणि गाडीचे कचरा दाबणारे यंत्र अचानक सुरू होऊन चिरडून मेले. १२ फेब्रुवारीला सुमारे १,३०० कामगारांनी काम बंद केले. त्यांच्या हातातल्या फलकांवर पगाराचा आकडा नव्हता. फलकावर एवढेच होते : मी माणूस आहे. याच संपाच्या पाठिंब्याला मार्टिन ल्यूथर किंग तेथे गेले आणि ४ एप्रिलला त्यांचा खून झाला. १६ एप्रिलला समझोता झाला, युनियनला मान्यता मिळाली, पगारही वाढला.

हे सारे मी रद्दीतून घेतलेल्या एका पुस्तकात वाचत होतो. मुलगी म्हणाली, "बाबा, मेम्फिस म्हणजे ओटिस रेडिंगचे ना?" मी विचारले, हा कोणत्या युनियनचा? तिने हसत मोबाइलवर गाणे लावले, आणि ते संपल्यावर म्हणाली, आता हेच गाणे बाईच्या आवाजात ऐका. त्या रात्री आम्ही दोन्ही मिळून दहा-बारा वेळा तरी ऐकली असतील. आपले गाणे नव्हे, आपली भाषा नव्हे. पण भांडण ओळखीचे निघाले.

एकाने मुद्रित केलेले गाणे दुसऱ्याने आपल्या गळ्यातून पुन्हा मुद्रित करायचे, याला तिकडे कव्हर म्हणतात. आपल्याला यात नवल नाही. एकच बंदिश दहा गवई गातात, तुकोबांचा एकच अभंग निरनिराळ्या चालींत कानी पडतो. अमेरिकेत मात्र मालक कोण हे आधी पाहतात. १९०९ च्या कायद्याने तेथे असे ठरले की, गाणे एकदा तबकडीवर आले की ते कोणीही पुन्हा गाऊन तबकडी काढावी. कर्त्याच्या परवानगीची गरज नाही, दर प्रतीमागे दोन सेंट दिले म्हणजे झाले. हा दोन सेंटांचा दर १९७७ अखेरपर्यंत तसाच होता. किमान वेतनाच्या फेररचनेची वाट पाहत बसलेल्यांना हे ऐकून अगदी घरच्यासारखे वाटेल!

आता पहिले गाणे. ते १९६५ साली ओटिस रेडिंगने लिहिले आणि गायिले. हा जॉर्जिया प्रांतातला काळा तरुण, जन्म १९४१ चा. विहिरी खणणे, पेट्रोल पंपावर काम करणे, असले उद्योग करून तो गाण्यात आला. काळ्यांच्या चर्चमधली आर्त गायकी आणि नाचाचा ठेका यांच्या मिलाफातून जे संगीत तिकडे उभे राहिले त्याला 'सोल' म्हणतात. 'सोल' म्हणजे आत्मा. मेम्फिसमध्ये एका जुन्या सिनेमागृहात स्टॅक्स नावाच्या कंपनीचा स्टुडिओ होता. प्रेक्षागृहाची उतरती जमीन त्यांनी तशीच राहू दिली होती. ज्या शहरात काळ्या-गोऱ्यांची वस्ती वेगळी, शाळा वेगळी, तेथे या उतरत्या जमिनीवर काळे आणि गोरे वादक शेजारी शेजारी बसून वाजवीत. रेडिंगच्या मागे हेच वादक आहेत.

गाण्यात आहे एक पुरुष. तो पैसा कमावून घरी परततो आहे. बायकोला म्हणतो, मी बाहेर असताना तू काय करशील ते कर, माझी तक्रार नाही. पण मी घरी आलो की मला मान दे, कारण पैसा मी आणतो. तुताऱ्यांसारखी पितळी वाद्ये त्याच्या प्रत्येक ओळीला दुजोरा देतात, ढोल घणासारखा पडतो. रेडिंग शब्द पुरता म्हणत नाही, तोडतो, पुढच्या शब्दावर झेप घेतो. दिवसभर राबून आलेल्या माणसाची घाई त्या गळ्यात आहे. मला हे गाणे आवडते. ज्याला कामावर 'ए' म्हणून हाक मारतात तो घरी 'अहो'ची वाट पाहत असतो, हे मी पुष्कळ खोल्यांमधून पाहिले आहे. तबकडी बरी खपली. अमेरिकेच्या सर्वसाधारण यादीत ती ३५ व्या क्रमांकापर्यंत गेली. मग इतरांनीही ते गायिले. मिशिगनमधल्या रॅशनल्स नावाच्या गोऱ्या पोरांच्या संचाने १९६६ मध्ये तबकडी काढली, पुढे स्टीव्ही वंडरने गायिले, १९८८ मध्ये रीबा मॅकएन्टायर या गोऱ्या ग्रामगीत गायिकेनेही. ही मंडळी गाणे चांगले गातात, पण गाण्याशी भांडत नाहीत.

भांडली ती अरीथा फ्रँकलिन. तिचा जन्म १९४२ चा, आणि तोही मेम्फिसचाच. वाढली ती डेट्रॉइट या मोटारीच्या कारखान्यांच्या शहरात. वडील तेथील प्रसिद्ध धर्मोपदेशक. जून १९६३ मध्ये डेट्रॉइटमध्ये नागरी हक्कांचा जो प्रचंड मोर्चा निघाला त्याच्या संयोजकांत ते होते. मुलगी त्यांच्या चर्चमध्ये गातच मोठी झाली. १४ फेब्रुवारी १९६७ रोजी न्यूयॉर्कमध्ये अटलांटिक कंपनीच्या स्टुडिओत तिने 'रिस्पेक्ट' गायिले. पियानोवर ती स्वतः. आणि मागे झील धरायला सख्ख्या बहिणी, कॅरोलिन आणि अर्मा.

शाहिरामागचे झीलकरी आपण ऐकले आहेत. शाहीर एक म्हणतो, झीलकरी त्याला 'जी जी' करतात. या बहिणी तेवढ्यावर थांबत नाहीत. त्या मध्येच घुसतात, एकच छोटा तुकडा इतक्या झपाट्याने पुन्हा पुन्हा म्हणतात की, चाळीतल्या साऱ्या बाया एकदम दारात येऊन उभ्या राहिल्यासारखे वाटते. रेडिंग एकटा मागत होता. येथे शिष्टमंडळ आले आहे.

शब्द तिने थोडेच बदलले, पण नेमक्या जागी. आता बोलते ती बाई. तू बाहेर असताना मी तुला फसवणार नाही, असे ती म्हणते, आणि त्याचे कारणही सांगते : माझी तशी इच्छा नाही म्हणून. म्हणजे तिचे चांगले वागणे ही तिची मर्जी आहे, त्याची मेहेरबानी नव्हे. आणि पैशाची ओळ? मला वाटले होते, घरची बाई म्हटल्यावर ती ओळ गळेल. ती गळत नाही. पैसा माझा, तोही तुलाच देते आहे, आणि त्याच्या बदल्यात मला माझा मान हवा, असा तिचा रोकडा व्यवहार आहे. रेडिंगचे गाणे म्हणत होते, पैसा आणतो म्हणून मान दे. ही विचारते, पैसाही माझाच, मग मान कोठे अडला?

मध्ये किंग कर्टिसचा सॅक्सोफोन येतो. मूळ गाण्यात हा भाग नव्हता. त्याखालची स्वरसंगती सॅम आणि डेव्ह या जोडीच्या दुसऱ्याच एका गाण्यावरून घेतली आणि तेथे गाणे एकदम वेगळ्या स्वरात जाते. तो भाग संपल्यावर पुढे एके ठिकाणी वाद्ये थबकतात, आणि त्या मोकळ्या जागेत अरीथा 'रिस्पेक्ट' या शब्दाची सातही अक्षरे सुटी सुटी म्हणते, शाळेत स्पेलिंग म्हणतात तशी. रेडिंगच्या गाण्यात हे नाही.

खरे सांगतो, प्रथम मला ही क्लृप्ती वाटली. टाळी घेण्याची. मग मला एक जुनी गोष्ट आठवली, आणि ती सांगितल्यावाचून मला पुढे जाता येणार नाही.

२०११ साली आम्ही ठेकेदाराकडच्या झाडूवाल्या बायकांची संघटना बांधत होतो. मागण्यांच्या निवेदनात नऊ कलमे होती. थकलेला पगार, भविष्यनिर्वाह निधी, हातमोजे, गमबूट वगैरे. नववे कलम बायकांच्या आग्रहाखातर घातले होते : हजेरीच्या वहीत आमचे पूर्ण नाव लिहा. वहीत 'शांता १', 'शांता २' असे लिहिलेले असे, आणि मुकादम हाकही तशीच मारी. रात्री उशिरापर्यंत वाटाघाटी चालल्या. शेवटी ठेकेदाराचा माणूस म्हणाला, आठ देतो, नववे सोडा, सगळी वही बदलायला वेळ कोणाला आहे? मी सोडले. नऊपैकी आठ! विजयी मुद्रेने मी दुसऱ्या दिवशी पहाटे कोठीवर गेलो. एकोणीस वर्षे झाडू मारणारी एक बाई पुढे आली आणि म्हणाली, "दादा, पैसे आले, बरं झालं. पण तुम्ही आमची नावं इकली."

मला राग आला. मी तिला निधीचे महत्त्व समजावू लागलो. तिने ऐकून घेतले आणि विचारले, "मग त्या फंडाच्या कागदावर नाव काय लिवणार? शांता दोन?"

पुढे तसेच झाले. नाव जुळत नाही म्हणून दोघींचे पैसे अडकले आणि मी तीन वर्षे हेलपाटे घातले. पगार हा पोटाचा प्रश्न आणि मान हा नंतरचा, हे मी पंचवीस वर्षे सभांतून सांगत आलो होतो. तेव्हा ती सात अक्षरे ऐकताना मला स्पेलिंग ऐकू येत नाही. हजेरीच्या वहीत कोणी तरी पूर्ण नाव लिहवून घेते आहे, असे ऐकू येते.

जून १९६७ मध्ये अरीथाचे गाणे अमेरिकेच्या यादीत पहिले आले आणि दोन आठवडे पहिले राहिले. १६ फेब्रुवारी १९६८ रोजी डेट्रॉइटने तिच्या नावाने दिवस साजरा केला, आणि तिचा गौरव करायला स्वतः किंग आले होते. त्यांचा घसा इतका बसला होता की त्यांना बोलता येईना. मेम्फिसच्या संपाचा तो पाचवा दिवस होता. संपकऱ्यांनी हे गाणे गायिले, असा माझा दावा नाही. पण एका वर्षाच्या आत एकाच मागणीची दोन रूपे पुढे आली, एक तबकडीवर आणि एक फलकावर.

आता शेवटचा हिशेब. अमेरिकेत नभोवाणीवर गाणे वाजले की त्याचे पैसे ज्याने लिहिले त्याला आणि प्रकाशकाला मिळतात. गाणाऱ्याला आणि वाजविणाऱ्यांना काही नाही. तबकडीच्या विक्रीतला वाटा वेगळा, पण जमिनीवरच्या नभोवाणी केंद्रांकडून एक सेंटही नाही. तो कायदा अजून तसाच आहे. म्हणजे अर्धशतकाहून अधिक काळ हे गाणे रेडिओवर वाजले, लोकांनी ते अरीथाचे म्हणून ऐकले, आणि प्रत्येक वेळी पैसे गेले रेडिंगच्या नावावर, त्याच्या वारसांना. रेडिंगचा यात दोष नाही, गाणे त्याचेच होते. पण ज्या गाण्यात बाई म्हणते की पैसाही माझा आणि मानही माझा, त्याच गाण्याचे रेडिओचे पैसे तिला २०१८ साली मरेपर्यंत मिळाले नाहीत. इंटरनेटवर वाजणाऱ्या १९७२ पूर्वीच्या ध्वनिमुद्रणांसाठी गायकांना मोबदला देण्याचा कायदा झाला तो त्याच वर्षी, तिच्या मृत्यूनंतर दोन महिन्यांनी.

आपण हसू नये. लता मंगेशकरांनी १९६० च्या दशकात गायकाला रॉयल्टी हवी असा आग्रह धरला तेव्हा महंमद रफींसारख्या सज्जन माणसाचेही मत होते की, गायिले, पैसे घेतले, हिशेब मिटला. दोघे काही वर्षे एकत्र गायिले नाहीत. गायकाचा रॉयल्टीचा हक्क आपल्या कायद्यात स्पष्टपणे आला तो २०१२ च्या दुरुस्तीने. मी रफींचा भक्त आहे; पण या एका प्रकरणात मी लताबाईंच्या युनियनचा सभासद आहे.

रेडिंगविषयी एक सांगायचे राहिले. १७ जून १९६७ रोजी कॅलिफोर्नियातल्या माँटेरे येथील महोत्सवात तो हे गाणे गायला उभा राहिला, तेव्हा त्याने हसत हसत सांगितले की, हे गाणे एका मुलीने माझ्यापासून पळवले आहे, मैत्रीणच आहे ती. आणि मग आपल्या जुन्याच रीतीने ते गायिले. डिसेंबरात विमान तळ्यात कोसळून तो गेला. वय होते सव्वीस.

चिटणीसांनी ध्वनिक्षेपकाची व्यवस्था केली आहे. मुलगी पलीकडे बसली आहे, ती दोन्ही गाणी लावील. आधी रेडिंग. दुसरे सुरू झाले की मागच्या बायांकडे लक्ष ठेवा.