मणका आणि पाठीवरचा बोजा
(बनशंकरी, बेंगळुरू येथील मराठी रेल्वे व टपाल कामगारांपुढील भाषण)



पाठ धरली की कोणीतरी कायरोप्रॅक्टिकचे नाव सुचवतो. हाताने झटका देऊन मणक्याचे सांधे मोकळे करण्याची ही पद्धत डी. डी. पामर यांनी १८९५ साली अमेरिकेत सुरू केली. बहुतेक सर्व रोगांचे मूळ मणक्यात, हा त्यांचा दावा टिकला नाही. कंबरदुखीपुरती मात्र ती मोडीत काढता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीवर व्यायाम व मालीश यांच्या जोडीला मणक्यावरील हस्तोपचारही सुचवला. आपण सर्रास बांधतो तो कमरेचा पट्टा मात्र नाकारला! मानेला झटका घेताना जपा. क्वचित रक्तवाहिनी फाटून पक्षाघात होतो. पाय बधिर झाले, लघवीवरचा ताबा गेला, तर थेट रुग्णालय गाठा.

पण आज पाठ मोकळी केली आणि उद्या रुळावर किंवा आर.एम.एस.मध्ये पुन्हा तोच बोजा उचलला, तर उपयोग काय? आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९६७ च्या शिफारशीत एका प्रौढ पुरुषाने वाहायच्या बोजाची कमाल मर्यादा ५५ किलो आहे. (तीही काही थोडी नव्हे.) त्याच वर्षीचा बोजाविषयक करार, क्रमांक १२७, भारताने २०१० मध्ये मंजूर केला. तो दाखवूनच ढकलगाड्या, पुरेशी माणसे आणि दुखापतीनंतर हलके काम मागा. कोणत्या जागी किती वजन एकट्याने उचलावे लागते, ते प्रत्येक शाखेने तोलून लिहून आणावे.