घाटाची चढण आणि नियमाचे अक्षर

मुंबई-पुणे सायकल शर्यत महाराष्ट्राला नवी नाही. खोपोली मागे पडून बोरघाट सुरू झाला, की शर्यतीचे रूप पालटते. घाट आधी सर करणाऱ्यास ‘घाटांचा राजा’ हा किताब निराळा मिळतो. सपाटीवर स्वाराचा मुख्य विरोधक वारा. पुढच्या स्वाराच्या आडोशाने त्याला पुष्कळसे चुकविता येते. घाटात वेग मंदावतो, वारा गौण ठरतो आणि स्वतःचे व सायकलीचे वजन वर नेणे एवढेच उरते. त्या कामी दुसऱ्याचा आडोसा फारसा उपयोगी पडत नाही. सायकल शर्यतींची कीर्ती देशोदेशींच्या घाटांशी निगडित झाली, ती यामुळेच.

फ्रान्समधील पिरेनीज पर्वतात तूरमाले ही २,११५ मीटर उंचीची खिंड आहे. पूर्वेकडील सेंत-मारी-द-कांपां या गावापासून माथ्यापर्यंत सुमारे १७ किलोमीटरांची चढण आहे. ‘तूर द फ्रान्स’ ही शर्यत १९०३ साली सुरू झाली आणि १९१० मध्ये प्रथमच या खिंडीतून नेण्यात आली. त्या वर्षीचा विजेता ऑक्ताव्ह लापीझ यालाही चढणीचा काही भाग सायकल हाताने ढकलीत पार करावा लागला होता.

परंतु या खिंडीची खरी कथा १९१३ सालची आहे. विजयाची संधी हाती असलेला युजेन क्रिस्तोफ माथा ओलांडून उतरत असता त्याच्या सायकलीचा पुढील चाक धरणारा चिमटा मोडला. दुरुस्ती स्वाराने स्वतःच केली पाहिजे, असा नियम होता. सायकल खांद्यावर घेऊन तो कित्येक किलोमीटर पायी उतरला व सेंत-मारी गावातील लोहाराच्या भट्टीपाशी आला. लोहाराने तोंडी सांगावे, क्रिस्तोफने घण चालवावा आणि शर्यतीच्या अधिकाऱ्यांनी पाहत उभे राहावे, असे काही तास चालले. दोन्ही हात गुंतल्यामुळे भाता मात्र एका मुलाने चालविला. त्याबद्दल दहा मिनिटांचा दंड झाला. पुढे तो तीन मिनिटांवर आणला गेला.

बाहेरची मदत घेणाऱ्यास लाभ मिळू नये, हा नियमाचा हेतू रास्तच होता. पण ज्याचे तास बुडाले, त्याला मिनिटांच्या दंडाने कोणता लाभ नाकारला गेला? कागदोपत्री मात्र कारवाई निर्दोष होती, हे मान्य केले पाहिजे!

यंत्राविषयीचे नियमही असेच कडक होते. स्वार घाटाच्या पायथ्याशी उतरत, मागचे चाक काढून उलटे बसवीत आणि दुसऱ्या बाजूच्या मोठ्या दातेरी चक्रावर चढण चढत. चालत्या सायकलीवर गिअर बदलण्याच्या यंत्रणेस या शर्यतीत १९३७ साली मुभा मिळाली. आता तर सुटे भाग घेतलेल्या मोटारी स्वारांच्या मागोमाग असतात व मोडलेली सायकल काही क्षणांत बदलून मिळते. सेंत-मारी-द-कांपां गावात क्रिस्तोफच्या त्या दुरुस्तीची आठवण देणारा फलक लावलेला आहे.