स्विचरच्या मागची बाजू
नाट्यगृहातल्या तीन कॅमेऱ्यांतून हवं ते दृश्य पडद्यावर पाठवतो तो स्विचर. तो बसवताना खरं काम असतं मागच्या बाजूला, केबल जोडण्याचं. साधी एचडीएमआय केबल 10-15 मीटरपुढे भरवशाची नाही. कॅमेरा लांब असेल तर 75 ओहमची एसडीआय केबल घ्यावी. दोन्ही टोकांना चिठ्ठ्या आधीच लावा, ऐन प्रयोगात अंधारात कोण शोधणार? आवाजासाठी बॅलन्स्ड एक्सएलआर केबल. तरीही स्पीकर घुमू लागला, तर ते घुमणं म्हणजे बहुधा अर्थिंगच्या फेऱ्यातून शिरलेला 50 हर्ट्‌झचा विजेचा आवाज. काहीजण तेव्हा प्लगची अर्थिंगची पिनच काढून टाकतात. हा शुद्ध जिवाशी खेळ! त्यापेक्षा सगळी यंत्रं एकाच वीजजोडणीवर घ्या. घुमणं थांबलं नाही, तर आवाजाच्या वाटेत आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर बसवा.