दूरचे युद्ध आणि आपला उंबरठा
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी समारंभात केलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या व्यासपीठावरून गौरवाचे चार शब्द बोलावेत, अशी रीत आहे. गणेशोत्सव, नाट्यप्रयोग, ग्रंथालय यांविषयी माझ्या आधीच्या वक्त्यांनी यथोचित सांगितले आहे. मला मात्र ज्या एका संध्याकाळी मंडळाने काहीच केले नाही, त्या संध्याकाळविषयी बोलावयाचे आहे. तत्पूर्वी आपणांस जरा इंडिया गेटपाशी नेतो.

गावाकडून पाहुणे आले की आपण त्यांना तेथे घेऊन जातो. त्या कमानीवर कोरलेले ‘मेसोपोटेमिया’ हे नाव कितीजणांनी वाचले असेल? मेसोपोटेमिया म्हणजे आजचा इराक. पहिल्या महायुद्धात इंग्रजांनी तेथे जी फौज धाडली, तीत सहावी पुणे डिव्हिजन होती आणि तीत मराठा पलटणी होत्या. डिसेंबर १९१५ मध्ये ही फौज कुत-अल-अमारा येथे वेढ्यात सापडली आणि उपासमारीने जर्जर होऊन २९ एप्रिल १९१६ रोजी तिने शरणागती पत्करली. ते युद्ध त्या शिपायांचे नव्हते. जावे की न जावे, हे ना त्यांना कोणी विचारले, ना त्यांच्या गावांना. पाठविणारे सरकार परके होते. इंडिया गेटवर १३,०००हून अधिक नावे आहेत. त्यांतल्या एकाच्याही घरच्यांची संमती कोणी घेतली नव्हती.

स्वातंत्र्यानंतर हा प्रश्न निराळ्या रूपाने आपल्या दारी आला. १९९१ च्या आखाती युद्धात अमेरिकेची लष्करी विमाने मुंबईसह आपल्या काही विमानतळांवर इंधन भरून घेत होती. ही गोष्ट उजेडात येताच गदारोळ उठला. चंद्रशेखर यांचे अल्पमतातील सरकार काँग्रेसच्या बाहेरील पाठिंब्यावर उभे होते आणि राजीव गांधींनी उघड विरोध केला. फेब्रुवारीत ती सोय बंद करण्यात आली. युद्ध त्यामुळे थांबले नाही, हे खरे. परंतु मुंबईच्या धावपट्टीवरून त्याला हातभार लागेनासा झाला, हेही तितकेच खरे.

बारा वर्षांनी, मार्च २००३ मध्ये, इराकवर पुन्हा हल्ला झाला. दिल्लीत मोर्चे निघाले, सभा झाल्या. ८ एप्रिल २००३ रोजी लोकसभेने एकमताने ठराव केला. त्या वेळी लोकसभेच्या अध्यक्षपदी आपले कै. मनोहर जोशी होते. शब्दावरून मोठी घासाघीस झाली. अखेर हिंदी मसुद्यात ‘निंदा’ हा शब्द राहिला आणि इंग्रजीत त्याहून सौम्य शब्द योजला गेला. एका शब्दासाठी एवढा खल कशाला, असे तेव्हा मलाही वाटले होते. आज वाटत नाही. पुढच्या निर्णयाची भूमी त्या शब्दाने तयार केली.

दिल्लीत एक गोष्ट सांगितली जाते. त्या दिवसांत हरकिशनसिंग सुरजित आणि ए. बी. बर्धन हे डावे पुढारी पंतप्रधान वाजपेयींना भेटले. हे बर्धन म्हणजे नागपुरात वाढलेले आणि १९५७ साली तेथूनच विधानसभेवर निवडून गेलेले. वाजपेयींनी त्यांना विचारले म्हणे, की तुमचा विरोध आहे, तर तो बाहेर मोठ्याने ऐकू का येत नाही? गोष्ट शब्दशः खरी असो वा नसो, तिचे मर्म खरे आहे. बलाढ्य मित्राला नकार द्यावयाचा, तर माझ्या घरातील माणसे ऐकत नाहीत, असे सांगता यावे लागते. त्यासाठी घरातील माणसांनी आधी बोलावे लागते.

याच सुमारास अमेरिकेने भारताकडे इराकसाठी सुमारे १७,००० सैनिकांची मागणी केली. सरकारमध्येही दोन मते होती. विरोधी पक्षनेत्या सोनिया गांधी यांनी पत्राने विरोध कळविला. डाव्या पक्षांनीही आवाज उठविला.

आता ती संध्याकाळ. जून महिना, आपल्या कार्यकारिणीची बैठक. एका तरुण सभासदाने सूचना मांडली, की सैन्य पाठवू नये, असे विनंतीपत्र मंडळाने पंतप्रधानांना धाडावे. तिला सर्वांत आधी विरोध केला तो मी. मी केंद्र सरकारचा नोकर. १९६४ चे आचरण नियम मला तोंडपाठ. मंडळ सांस्कृतिक आहे, राजकारणात पडू नये, असे मी ठासून सांगितले. कोपऱ्यात बसलेल्या एक काकू, ज्यांचा नातू पलटणीत होता, शांतपणे म्हणाल्या, “पत्र लिहिणं राजकारण असेल, तर माझ्या नातवाला तिकडं पाठवणं काय म्हणायचं?” कोणीच उत्तर दिले नाही. विषय पुढील बैठकीवर टाकला आणि तो पुन्हा निघाला नाही.

१४ जुलै २००३ रोजी मंत्रिमंडळाच्या सुरक्षाविषयक समितीने सैन्य न पाठविण्याचा निर्णय केला; संयुक्त राष्ट्रांचा स्पष्ट आदेश असता तर विचार करता आला असता, अशी पुस्ती सरकारने जोडली. बातमी ऐकून मला हायसे वाटले आणि पाठोपाठ लाजही वाटली. काकूंच्या नातवाला ज्यांच्या आवाजाने घरी ठेवले, त्यांत माझा आवाज नव्हता.

मंडळींनो, मंडळाने पक्षीय राजकारण करू नये, हे माझे मत आजही कायम आहे. नोकरीतील सभासदांवरील बंधनेही खरी आहेत. परंतु नियम मला लागू होता, मंडळातील प्रत्येकाला नव्हता. निवृत्तांना, गृहिणींना, व्यापाऱ्यांना स्वतःच्या नावाने सही करता आली असती. मी माझे बंधन साऱ्यांच्या गळ्यात अडकविले. निदान आपल्या सभागृहात दोन्ही बाजूंची चर्चा तरी ठेवता आली असती.

दूरची युद्धे आपण थांबवू शकत नाही. पण इंधन, धावपट्टी, सैनिक यांची मागणी आपल्याच शहरात येते आणि तिचे उत्तरही येथेच ठरते. १९१६ च्या शिपायांच्या गावांना विचारणारे कोणी नव्हते. आपणांस न विचारताही बोलता येते. पुढील पन्नास वर्षांत असा प्रसंग पुन्हा आलाच, तर काकूंच्या प्रश्नाला या मंडळाने उत्तर द्यावे, एवढीच प्रार्थना करून मी आपली रजा घेतो.