दमा, घराणे आणि आपण
(वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



चिटणीसांनी आम्हांस विषय निवडण्याची मोकळीक दिली, तेव्हा आम्ही शाळेच्या आठवणी सांगू, असे त्यांस वाटले असावे. परंतु आज आम्ही मुलांच्या सततच्या शिंका, वाहते नाक आणि दमा यांविषयी बोलणार आहोत. आम्ही डॉक्टर नव्हे. मॅट्रिक झालेले एक निवृत्त शिक्षक आहोत. जे सांगणार ते वाचून व जाणत्यांस विचारून समजून घेतलेले आहे.

प्रथम आमचा अपराध सांगतो. सुमारे पंधरा वर्षांपूर्वी आमच्या पुतण्यास ज्ञातीतीलच एक स्थळ सांगून आले. मुलगी शिकलेली व सुस्वभावी होती. परंतु तिच्या वडिलांस दमा आहे असे कळताच 'घराण्यातच खोट आहे' असे म्हणून आम्हीच ते स्थळ नाकारावयास लावले. पुढे पुतण्याचा विवाह 'निरोगी' घरात झाला. आज त्याचा सात वर्षांचा मुलगा दम्याने रात्री उठून बसतो! त्याचा पंप आल्यागेल्यांच्या दृष्टीस पडू नये म्हणून कपाटात कुलपात ठेवीत असत. गेल्या दिवाळीत घरी पाहुणे असताना आतल्या खोलीत मुलास धाप लागली आणि किल्ली सापडेना. ती पाच मिनिटे आम्ही जन्मभर विसरणार नाही.

तेव्हापासून आम्ही विचारू लागलो, की हे दुखणे खरोखरच रक्तातले आहे काय?

वारसा मुळीच नाही, असे शास्त्र म्हणत नाही. माणसाच्या सतराव्या गुणसूत्रावरील एका भागाचा बालपणीच्या दम्याशी संबंध असल्याचे 2007 साली संशोधकांनी दाखविले. परंतु जनुक असणे निराळे आणि ते कार्य करीत असणे निराळे. शाळेचा दृष्टांत घेऊ. दप्तरात सर्वच पुस्तके असतात. पण गणिताच्या तासास गणिताचे उघडते, भाषेच्या तासास भाषेचे. तसेच शरीरातील बहुतेक प्रत्येक पेशीत जनुकांचे संपूर्ण दप्तर असते. कोठे, केव्हा, कोणते पुस्तक उघडावे, हे पुष्कळ अंशी भोवतालच्या परिस्थितीवर ठरते. दप्तर आईबापांकडून येते. तासाचे वेळापत्रक मात्र केवळ त्यांच्या हाती नसते.

याचे एक उत्तम उदाहरण अमेरिकेत सापडले. तेथे इंडियाना राज्यात आमिश आणि साउथ डकोटात हटराइट नावाचे दोन शेतकरी समाज आहेत. दोघांचे पूर्वज युरोपातून आलेले, वंशाने एकमेकांस जवळचे, आणि आपसांतच सोयरिकी करणारे. आपणांस ही रीत समजावून सांगावयास नको. परंतु आमिश लोक घोड्यांनी नांगरतात आणि त्यांची मुले गोठ्याच्या सान्निध्यात वाढतात. हटराइटांची शेती मोठी व यांत्रिक, गोठे घरांपासून दूर. आमिश मुलांत दम्याचे प्रमाण शेकडा सुमारे 5, तर हटराइट मुलांत सुमारे 21!

2016 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दोन्ही समाजांतील तीस तीस मुले तपासली. आमिश घरांतील धुळीत जंतूंचे अंश हटराइट घरांहून सुमारे सातपट आढळले. मुलांच्या रक्तपेशी पाहता कोणती जनुके अधिक कार्य करीत आहेत, यातही स्पष्ट भेद दिसला. मूळ दप्तर बहुतांशी सारखे, पण उघडलेली पाने निराळी! यावरून मुलांस धूळ चारावी, असा अर्थ मात्र कोणी काढू नये. दमा जडलेल्या मुलास धूळ व धूर अपायच करतात.

दुसरे संशोधन नाकासंबंधी आहे. नाक आणि श्वासनलिका ही एकाच वाटेची दोन टोके. म्हणूनच ज्या मुलास धुळीचे वा परागाचे वावडे असून सारख्या शिंका येतात, त्यास पुष्कळदा दमाही असतो. पूर्वी श्वासनलिकेतील पेशी तपासावयाच्या तर मुलास गुंगी देऊन आत नळी घालावी लागे. आता नाकात कापसाची काडी फिरवून मिळालेल्या पेशींवरून जनुकांचे कार्य वाचता येते. पिट्सबर्ग विद्यापीठाच्या संशोधकांनी पोर्टो रिकोतील व आफ्रिकन अमेरिकन अशा 459 मुलांचा व तरुणांचा असा अभ्यास 2025 साली प्रसिद्ध केला. त्यांस दम्याचे तीन निरनिराळे प्रकार आढळले. वावड्याशी निगडित असा जो प्रकार मुलांत सर्वसामान्य समजला जाई, तो शेकडा 23 ते 29 मुलांतच निघाला. नवी औषधे मुख्यतः याच प्रकारावर आहेत. उरलेल्या दोहोंवर तशी व्हावयाची आहेत.

तात्पर्य, ज्यास आपण 'दमा' या एका शब्दात गुंडाळतो, तो एक रोग नव्हे. आणि ज्यास 'घराण्याची खोट' म्हणतो, ती खोट नव्हे.

म्हणून आमची तीन मागणी आहेत. मूल वारंवार शिंकत असेल वा रात्री खोकत असेल, तर 'वयाबरोबर जाईल' म्हणून वाट पाहू नका, डॉक्टरांस दाखवा. 'पंपाची सवय लागते' ही भीती मनातून काढा. त्यातील औषध थेट श्वासनलिकेत पोहोचत असल्याने थोडक्या मात्रेत काम भागते. आणि पंप कुलपात ठेवू नका. मुलाच्या हाताशी ठेवा. चष्मा आपण लपवितो काय?

विवाह जुळविताना दम्याचा रोगी आढळला म्हणून स्थळ नाकारू नये, एवढे या मंडळाने आपल्या सभासदांस सांगावे. ज्या मुलीस आम्ही नाकारले, ती ज्ञातीतीलच असल्याने कदाचित आज या सभेत असेल. तिची आम्ही क्षमा मागतो.