‘तांत्रिक कारणाने सुटला’ म्हणजे नेमकं काय झालं?

‘आरोपी तांत्रिक कारणाने सुटला’ हे वाक्य आपण पेपरात वाचतो, आणि हिंगोलीत कोर्टाबाहेरच्या चहाच्या टपरीवर तर रोज ऐकतो. ऐकणाऱ्याच्या मनात लगेच एकच अर्थ येतो, कुणीतरी पैसे खाल्ले. खाल्लेही असतील कधी, मी नाही म्हणत नाही. पण बऱ्याच वेळा गोष्ट फार साधी असते. कागद चुकलेला असतो. आज त्या कागदाबद्दल बोलू.

आधी तो कागद फिरतो कसा ते बघा. समजा हिंगोलीच्या सत्र न्यायालयानं जामीन मंजूर केला. म्हणजे माणूस सुटला का? नाही. मग जामीनदार आणायचा, त्याचा सातबारा किंवा ऐपतीचा दाखला जोडायचा, कोर्टानं तो तपासायचा, जातमुचलका लिहून घ्यायचा, आणि त्यानंतर सुटकेचा आदेश निघतो. आता आपल्या जिल्ह्यातले बरेचसे कच्चे कैदी असतात परभणीच्या जिल्हा कारागृहात. म्हणजे आदेश तिकडं जायचा. जामीन जर छत्रपती संभाजीनगरच्या खंडपीठातून झाला असेल, तर आणखी एक टप्पा वाढला. प्रत्येक टप्प्यावर कुणीतरी पुन्हा लिहितं: नाव, बापाचं नाव, पोलीस ठाणं, गुन्हा रजिस्टर नंबर, कलमं. आपल्याकडं एका गावात एकाच नावाची आणि आडनावाची तीन-चार माणसं सहज सापडतात. आणि त्याच माणसावर सेनगावात एक आणि कळमनुरीत दुसरा गुन्हा असेल, आणि दुसऱ्या गुन्ह्याचं वॉरंट जेलपर्यंत पोचलंच नसेल, तर जेलवाल्यांनी त्याला कशाच्या आधारावर धरून ठेवायचं? त्यांच्यापुढं तर सुटकेचा कागद आहे.

हे फक्त आपल्याकडं होतं असंही समजू नका. इंग्लंड आणि वेल्समध्ये मार्च २०२५ ला संपलेल्या वर्षात २६२ कैदी चुकून सोडले गेले. त्यांच्या सरकारनंच दिलेला आकडा आहे हा. ऑक्टोबर २०२५ मध्ये तर ज्याला देशाबाहेर पाठवायचं होतं त्यालाच चेम्सफर्डच्या तुरुंगानं दारातून बाहेर सोडलं. दोन दिवसांनी लंडनमध्ये सापडला.

आता खुद्द कोर्टाच्या टेबलावरची चूक. पाटणा उच्च न्यायालयातलं एक अलीकडचं प्रकरण आहे. जामीन मंजूर झाल्याचा आदेश सहीनिशी निघाला. नंतर कोर्टानंच तो मागं घेतला, कारण काय, तर कर्मचाऱ्याकडून ‘फेटाळला’च्या जागी ‘मंजूर’ असं गेलं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोचलं आणि तिथं जामीन कायम झाला. आधार होता जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३६२ चा, जे आता नागरिक सुरक्षा संहितेत कलम ४०३ आहे. सही झालेल्या निकालात कोर्टाला लिखाणातली किंवा आकडेमोडीतली चूक सोडून काही बदलता येत नाही.

पहिल्यांदा ऐकताना हे विचित्र वाटतं. चूक कारकुनाची आणि फायदा आरोपीला! पण थोडं थांबून उलटं बघा. ज्या कोर्टाला सही केलेला आदेश दोन दिवसांनी ‘चुकून झाला’ म्हणून गुपचूप फिरवता येतो, त्या कोर्टाच्या कुठल्या आदेशावर तुम्ही भरवसा ठेवणार? जामीन चुकीचा वाटत असेल तर तो रद्द करण्याचा अर्ज द्यायची वाट कायद्यात आहेच. सरकार पक्षानं यावं, दोन्ही बाजू ऐकाव्यात, मग ठरवावं. मला ही वाट बरोबर वाटते. लांबची आहे, पण उघड्यावरची आहे.

आपल्या महाराष्ट्रातलं सुधा भारद्वाज यांचं प्रकरण तुम्हाला आठवत असेल. २०१८ साली आरोपपत्रासाठी नव्वद दिवसांची मुदत वाढवून दिली ती पुण्याच्या ज्या न्यायाधीशांनी, त्यांचं कोर्ट त्या कायद्याखाली नेमलेलं विशेष न्यायालयच नव्हतं. मुंबई उच्च न्यायालयानं १ डिसेंबर २०२१ ला हे मान्य केलं, आणि ९ डिसेंबरला त्या भायखळ्याच्या तुरुंगातून बाहेर आल्या. तीन वर्षं होऊन गेल्यावर. ‘तांत्रिक मुद्दा’ म्हणून पुष्कळांनी नाकं मुरडली. पण त्याच खटल्यातल्या दुसऱ्या आठ जणांना तोच लाभ मिळाला नाही, कारण त्यांनी हक्काच्या जामिनाचा अर्ज वेळेत केला नव्हता. म्हणजे चूक एकच, पण ज्याचा अर्ज वेळेत पडला होता तो सुटला. तंत्र दोन्हीकडून कापतं बघा.

आता ज्या चुकीबद्दल कुणी बोलत नाही ती. अ‍ॅट्रॉसिटीच्या कायद्यात कलम १५अ आहे. जामीन अर्जाची नोटीस फिर्यादीला किंवा पीडिताच्या घरच्यांना मिळाली पाहिजे, आणि त्यांचं म्हणणं ऐकलं गेलं पाहिजे. राजस्थानातल्या एका खुनाच्या प्रकरणात ती नोटीस दिलीच नव्हती. सर्वोच्च न्यायालयानं ऑक्टोबर २०२१ मध्ये तेवढ्या कारणावरून जामीन रद्द केला आणि सांगितलं की ही नोटीस बंधनकारक आहे. आपल्या मराठवाड्यात या कलमाचं महत्त्व मी वेगळं सांगायला नको. खुनी माणूस गावात परत आलाय हे मयताच्या भावाला पारावर कळावं, याच्यासारखी दुसरी वाईट गोष्ट नाही. आणि यात टायपिंगची चूकही नसते. नुसता एक कागद पाठवायचा राहिलेला असतो, म्हणून ही चूक कुणाला दिसत नाही.

आता दुसरी बाजू, कारण तोच हात दोन्ही चुका करतो. गाझियाबादच्या एका कैद्याला सर्वोच्च न्यायालयानं २९ एप्रिल २०२५ ला जामीन दिला. २७ मे ला सुटकेचा आदेश निघाला. पण आदेशात कलम ५ लिहिलं होतं, त्याच्या पुढचा कंसातला एक आकडा राहिला होता. तेवढ्यावर जेलनं त्याला अठ्ठावीस दिवस आत ठेवलं. सर्वोच्च न्यायालयानं दखल घेतली तेव्हा कुठं २४ जूनला तो बाहेर आला, आणि उत्तर प्रदेश सरकारला पाच लाख रुपये भरपाई द्यायला सांगितली. गुजरातचं तर त्याहून भारी. सप्टेंबर २०२० मध्ये जामीन झाला, उच्च न्यायालयाच्या कार्यालयानं जेलला ई-मेल केला, आणि जेलवाले म्हणाले जोडलेली फाईल उघडलीच नाही. जवळपास तीन वर्षं तो माणूस आत बसला. भरपाई किती? एक लाख. एका न उघडलेल्या फाईलचे!

चुकून सुटलेल्याची बातमी दुसऱ्या दिवशी होते, पोलीस पथकं निघतात. चुकून अडकलेल्यासाठी कुठलं पथक निघत नाही. त्याची बायको तारखेला येऊन ‘अजून आदेश आला नाही’ ऐकून परभणीहून परत जाते, एवढंच.

म्हणून हे लक्षात ठेवा. ३१ जानेवारी २०२३ ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलंय की जामिनाच्या आदेशाची प्रत ई-मेलनं जेल अधीक्षकामार्फत त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी कैद्याला मिळाली पाहिजे. सात दिवसांत सुटका नाही झाली तर अधीक्षकानं जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवाला कळवायचंय. महिनाभरात जामीनदार उभा नाही राहिला तर कोर्ट स्वतःहून अट सैल करायचा विचार करू शकतं. तुमच्या ओळखीचं कुणी अडकलं असेल तर सुटकेचा आदेश निघाला की तिथंच उभं राहून वाचून घ्या: नाव, बापाचं नाव, गुन्हा नंबर, कलम, पोटकलम. आणि फिर्यादीकडचे असाल तर सरकारी वकिलांना लेखी विचारा, जामिनाची नोटीस आमच्या नावे निघाली का, कधी निघाली, आणि पोच कुठंय.

सेनगाव, वसमत, औंढ्याहून ऐकणाऱ्यांनी आपापल्या कोर्टात नोटीस कशी येते, पोलीस घेऊन येतात की फोनवर सांगतात, ते जरूर कळवा. भेटू पुढच्या भागात.